जिथं लाईट जात नाही, तिथंच अडकतं

आधी रेहानाबाजींचं नाव लिहिते. केजच्या रेहानाबाजी. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे काय ते त्यांनी मला शिकवलं. आजारी सासूला भरवता भरवता शिकवलं, आणि एकदाही माझं शिक्षण काढलं नाही. त्यांचं नाव मागं टाकून पुढचं लिहिलं तर मला चैन पडणार नाही. आता झालेलं सांगते.

सुजितदादांनी टेबलावर कोरा कागद ठेवला. त्यावर पेन ठेवलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडं एका गावच्या दूध डेअरीचे चेअरमन होते, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ऑफिसात आणखी चौघं होते. चौघांनीही काम थांबवलं होतं. तमाशा सुरू झाल्यावर थांबवतात तसं.

"लिही," दादा म्हणाले. "माझ्या चुकीमुळे, इथून सुरू कर. माझ्या चुकीमुळे व डेअरीवरील ऑपरेटर मंदा हिच्या हलगर्जीपणामुळे संगणक बंद पडला."

मी पेन उचललं नाही.

"आठवीपर्यंत गेलीस ना? माफीनामा येत असंल की. का तो नववीत असतो?"

चौघं हसले. स्पीकरमधून आप्पापण हसले. माझे कान तापले. मी खाली बघत होते. टेबलाच्या काचेखाली दादांच्या आजोबांचा फोटो होता, फेट्यातला. तोपण माझ्याकडंच बघत होता.

झालं होतं असं. त्या सकाळी आप्पांच्या डेअरीवर दुधाची लाईन लागली होती. निम्म्या लोकांचं माप झालं आणि कॉम्प्युटर अडकला. मंदाताईचा मला फोन आला, "ताई, गोल फिरायलंय. नुसतं गोल फिरायलंय." मी सांगितलं बंद करून चालू करा. तो लवकर चालू होईना. टँकर थांबत नसतो, तो गेला. मागं राहिलेल्यांनी दूध घरी नेलं. उन्हाळ्याचे दिवस. दुपारपर्यंत नासलं. लोक मंदाताईच्या अंगावर गेले.

मंदाताई त्या डेअरीच्या मशीनवर बसते. नवरा वारला. डेअरीची किल्ली तिच्याकडं असते आणि तिचं घर त्या किल्लीवर चालतं. मी तिला दोनदाच भेटले होते, बाकी सगळी ओळख फोनवरची. आप्पांचा पुतण्या त्या खुर्चीवर बसायला टपलेला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी कागदावर तिचं नाव लिहिलं की किल्ली तिच्या हातातून जाणार. एवढंच होतं त्या कागदात. माझी माफी नुसती वरून लावायला होती.

मी आष्टी तालुक्यातली. जिल्हा एकच, पण आष्टी त्या टोकाला आणि केज ह्या टोकाला. आईबाप ऊसतोडीला जायचे. आठवीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला मीपण गेले. परत आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. पुन्हा लहान पोरांत बसायची लाज वाटली. बसले नाही. ती चूक माझी का कुणाची, हे अजून ठरवता येत नाही मला.

मग मावशीकडं केजला आले. टायपिंग शिकले. सुजितदादांच्या ऑफिसात फोन उचलायला लागले. त्यांनी डेअरीसाठी प्रोग्राम केला होता. काट्यावर किटली ठेवायची, मशीन फॅट काढतं, कॉम्प्युटर पावती छापतो. प्रोग्राम दादांनी स्वतः लिहिला होता. पुण्याला इंजिनियरिंग केलेलं. घरात आजोबांपासून पुढारपण. ते जिन्यात आले की लोक उठून उभे राहायचे. मी तर ते यायच्या आधीच उभी असायचे.

लई दिवस मी म्हणायचे, माणूस वाईट नाही. दिवाळीला मला साडी दिली होती. त्या साडीची मला भीती वाटायची. नेसली तर दिसेल, नाही नेसली तर दिसेल. ऑफिसात चहाचे पाच कप होते आणि माणसं सहा. सहावी मी. मला कागदी कपात चहा. सहावा कप कधी आला नाही आणि मी कधी विचारलं नाही. आम्ही बौद्ध. हे कुणी काढत नव्हतं. काढायची गरज नव्हती.

माझं काम सोपं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, "बंद करून चालू करा." पण मला विसरायची भीती. विसरलं की बोलणी. म्हणून मी वहीत लिहायचे. कुठलं गाव, किती वाजता अडकलं, कॉम्प्युटर कधीपासून चालू होता. असं लिहिता लिहिता एक गोष्ट दिसली. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. ज्या गावांत लाईट सारखी जाते, तिथून तक्रारच नव्हती. तक्रार यायची ती मोठा इन्व्हर्टर बसवलेल्या गावांतून. तिथं कॉम्प्युटर दिवसचे दिवस बंद होत नसे. तीन-चार दिवस बरं चालायचं आणि मग ऐन मापाच्या वेळी अडकायचं.

मी धीर करून दादांना वही दाखवली. "दादा, मेमरी भरत असंल का?"

त्यांनी वही हातात घेतली नाही.

"अगं, प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय तिच्यात गार्बेज कलेक्टर असतो. नको असलेलं तो आपोआप काढतो. मेमरी भरतच नाही. लोकांना मशीन वापरायची अक्कल नाही, दुसरं काही नाही. तू फोन उचल." मग चौघांकडं वळून, "आता फोनवाली मला मेमरी शिकवायली बघा."

मी तो शब्द वहीत लिहिला. गार्बेज कलेक्टर. जसा ऐकला तसा.

रेहानाबाजी आधी ऑफिसातच बसायच्या. एमसीए झालेल्या. सासूचं अर्धं अंग गेलं तेव्हापासून घरून काम करायच्या. डेअरीचे महिन्याचे रिपोर्ट त्या बनवायच्या. कागद द्यायला मी त्यांच्या घरी जायचे. त्या दिवशी सासूला पेज भरवत होत्या. मी दारातच विचारलं, "बाजी, गार्बेज कलेक्टर म्हंजे काय?"

"चप्पल काढून आत ये आधी," त्या म्हणाल्या. "दारात उभं राहून काय कळणार?"

मग सांगितलं. प्रोग्राम चालतो तेव्हा मेमरीत वस्तू ठेवत जातो. पावती एक वस्तू, गिऱ्हाइकाचं नाव एक वस्तू. काम झालं की जागा रिकामी व्हायला पाहिजे. काही भाषांत लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं, ही जागा सोड. विसरला की संपलं. काही भाषा स्वतः बघतात.

"पण भाषेला कसं कळणार, कुठली वस्तू बिनकामाची?" त्यांनी विचारलं.

"लई दिवस कुणी वापरली न्हाई ती."

"चूक. वापरली का न्हाई, हे ती बघतच न्हाई. ती एवढंच बघती, हिला कुणी धरलंय का? काही ठिकाणं आधीच ठरलेली असतात. त्यांना मुळं म्हणतात. तिथून निघायचं. मुळानं ज्याला धरलंय त्याच्याकडं जायचं, त्यानं ज्याला धरलंय त्याच्याकडं जायचं. खूण करत करत. जिथवर पोचलो ते ठेवायचं. जिथं पोचलोच न्हाई ते साफ." त्यांनी सासूचं तोंड पुसलं. "तुज्या गावात असलं काही हाय का? बघ, आठव."

मला आठवावं लागलं नाही. ते गेलंच नव्हतं कुठं.

मी दहा वर्षांची असेन. आमच्या गावात डेअरीवर लोक पहाटे किटल्या लाईनीत ठेवायचे आणि सावलीला बसायचे. माणूस नसला तरी किटली नंबर धरते. मापाला बसलेला माणूस एकेका किटलीवर हात ठेवून विचारायचा, "ही कुणाची?" बसलेल्यांतून कुणी म्हणायचं, "तात्याची हाय, यायलाय." मग राहायची. कुणीच बोललं नाही तर भिंतीकडं काढून ठेवायचा.

त्या वर्षी आम्ही शेळ्या विकून म्हैस घेतली होती. पहिल्यांदाच आमच्या वस्तीतून डेअरीला दूध. आमची एक किटली आणि शेजारच्या पारूकाकूची एक. मापाच्या माणसानं आमच्या किटलीवर हात ठेवला नाही. पायानं दाखवली.

"ही कुणाची?"

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "आमची हाय."

"तुला न्हाई इचारलं. लाईनीतल्या कुणी सांगावं."

पारूकाकू म्हणाली, "तिचीच हाय बाबा ती." तर तो म्हणाला, "आन् तुजी कुणाची?" मी म्हटलं, "ही काकूची." तो हसला. "हिची ती सांगती आन् तिची ही. ब्येस."

सावलीला पंधरा-वीस माणसं बसली होती. सगळ्यांना माहीत होतं किटल्या कुणाच्या. माझ्या बापानं त्यातल्या निम्म्यांच्या रानात काम केलेलं. एकानंही तोंड उघडलं नाही. एक जण बिडी विझवायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. दोन्ही किटल्या भिंतीकडं गेल्या. भिंतीला ऊन होतं. दूध नासलं. घरी आल्यावर आईनं मला मारलं. तुला बोलता येत नव्हतं का, म्हणून.

हे सगळं मी बाजींना सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. बाजींनी चमचा वाटीत ठेवला. त्यांची सासू, जिला बोलता येत नाही, ती माझ्याकडं बघत होती.

"त्या दोन किटल्या," बाजी हळू म्हणाल्या, "त्याला बेट म्हणतात. दोघी एकमेकींना धरून हायत, पण मुळापासून त्यांना कुणी धरलेलं न्हाई. भाषा दोन्ही काढून टाकती. मशीनसाठी ते बरोबर हाय." मग त्यांचा आवाज बदलला. "माणसानं माणसाला असं करणं म्हणजे हरामखोरी हाय. कळलं? हरामखोरी."

बाजींच्या तोंडून शिवी मी पहिल्यांदा ऐकली.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी हळू बोलले. जोरात बोलले असते तर झालं असतं. आईचापण तोच समज, म्हणून तर मारलं. त्या दुपारी कळलं, आवाजाचा संबंधच नव्हता. मी बोंबलून सांगितलं असतं तरी माझं सांगणं धरायचंच नव्हतं. कुणाचं धरायचं हे आधीच ठरलेलं होतं. मला रडू आलं नाही. राग आला. एवढा उशिरा आलेला राग कुठं ठेवायचा ते कळेना.

बाजींनी तो वाया जाऊ दिला नाही. "आता उलटं सांग. माप झालंय, किटली रिकामी हाय, तरीबी लाईनीत कशी राहील?"

मला एकदम हसू आलं. "नामदेवअण्णा!"

नामदेवअण्णा सावलीला सगळ्यांत पुढं बसायचे. भावकीतल्या कुणाचीही किटली असो, भरलेली असो, रिकामी असो, विचारायच्या आधीच म्हणायचे, "राहू द्या, राहू द्या, आपली हाय." त्यांच्यापुढं कोण बोलणार? रिकाम्या किटल्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि भरलेल्या किटलीला जागा नसायची.

बाजींनी टाळी वाजवली. "म्हणून भरती मेमरी! गार्बेज कलेक्टर असला तरी भरती. कुणीतरी काम झालेलं धरून बसलेलं असतं, आन् त्यानं धरलंय म्हणून ते काढता येत न्हाई. जा, प्रोग्राममधला नामदेवअण्णा शोध."

ऑफिसात कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर मी प्रोग्राम चालू ठेवला आणि बंदच केला नाही. जेवणाच्या सुट्टीत खोटी मापं घालायचे, पावत्या काढायचे, आणि मेमरीचा आकडा वहीत लिहायचे. आकडा चढायचा. उतरायचा नाही. रिपोर्टच्या कामासाठी प्रोग्राम बाजींच्या कॉम्प्युटरवर होताच, संध्याकाळी त्यांच्या घरी तो वाचायचे. इंग्रजी अक्षरं. एकेक ओळ बोट ठेवून. पहिले काही दिवस मला नुसते कंस दिसायचे. "बाजी, दाखवा की," म्हटलं तर म्हणायच्या, "बोट मी न्हाई दाखवणार बेटा. मी दाखवलं तर ते माझं होईल."

तीन आठवडे लागले. आमच्या लोकांची सवय आहे, पावती भिजली, हरवली, पोरानं फाडली की तासाभरानं येऊन दुसरी मागतात. त्यासाठी दादांनी एक यादी ठेवली होती. निघालेली प्रत्येक पावती यादीत जायची. दुसरी मागितली की त्यातून छापायची. यादीत घालायची ओळ सापडली. काढायची ओळ कुठंच नव्हती. सगळा प्रोग्राम दोनदा वाचला. नव्हतीच. लाईट गेली की यादी जाते, म्हणून लाईट जाणारी गावं सुखी होती.

बाजींनी चष्मा काढून पुसला. "बरोबर," एवढंच म्हणाल्या. मला त्या दिवशी जिना उतरताना पाय सापडत नव्हते.

आणि मग मी गप्प बसले. हे लिहायलाच पाहिजे. आठ दिवस मला माहीत होतं आणि मी दादांना सांगितलं नाही. रोज ठरवायचे, चहाच्या वेळी सांगू. रोज कागदी कप हातात यायचा आणि तोंड बंद व्हायचं. आठव्या दिवशी मंदाताईचं मशीन अडकलं.

म्हणून तो कोरा कागद समोर आला तेव्हा मला एकच दिसत होतं. मी गप्प राहिले तर मीपण त्या सावलीत बसलेली.

"लिहितीस का?"

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

मी टेबलाची कड धरली. "लिहिणार न्हाई. मंदाताईची चूक न्हाई. मशीन चालू ठेवलं हीच तिची चूक का? पावत्यांची यादी रिकामी होत न्हाई, दादा. दुसरी पावती काढायची जी यादी हाय, तिच्यात पावत्या जात्यात, निघत एकबी न्हाई. यादीनं धरलंय म्हणून गार्बेज कलेक्टरला काढता येत न्हाई."

दादांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

खरं आहे का, असं विचारलं नाही. कुणी सांगितलं, असं विचारलं.

"मी वाचलं."

"तू वाचलंस."

तेवढ्यात स्पीकरमधून आप्पा. "ए पोरी, मंग आमच्या शेजारच्या गावात काहून अडकत न्हाई? ह्येच मशीन हाय की तिथं."

"आप्पा, तिथं दिवसातून दोनदा लाईट जाती. कॉम्प्युटर बंद पडतो, मेमरी रिकामी होती. तुमच्याकडं मोठा इन्व्हर्टर हाय."

आप्पा म्हणाले, "म्हंजी इन्व्हर्टर घेऊन आमीच येडे ठरलो का, सुजितराव?"

चौघांतला एक जण फिस्कन हसला आणि लगेच तोंड दाबलं. दादांचा चेहरा उतरला. मी कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवला. आकडा दिसत होता. वही उघडून शेजारी ठेवली. त्यांनी बघितलं नाही.

"माझी एक चूक हाय," मी म्हटलं. "ती लिहून देते."

आणि पेन उचललं. लिहिलं: पावत्यांची यादी रिकामी होत नाही, त्यामुळे संगणक अडकतो. हे मला आठ दिवसांपासून माहीत होते. मी भीतीने सांगितले नाही. ही माझी चूक. खाली सही केली. सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, आप्पांना ऐकू जाईल असं.

दादांनी कागद घेतला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकला. फोन बंद केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

तिसऱ्या दिवशी सगळ्या डेअऱ्यांना नवा प्रोग्राम गेला. सोबत एक ओळ होती, किरकोळ सुधारणा केली आहे. मंदाताईचा माझ्या फोनवर फोन आला, "ताई, फिरायचं थांबलं बघ." किल्ली तिच्याकडंच आहे. माफी कुणी मागितली नाही. मी वाटही बघितली नाही.

पण प्रोग्राम कुणाच्या घरात वाचला, हे दादांना कळायला वेळ लागला नाही. बाजींचं रिपोर्टचं काम बंद झालं. मला ते बाहेरून कळलं. मी पळत त्यांच्याकडं गेले. त्या सासूची चादर बदलत होत्या. मी दारात उभी राहून रडायला लागले. म्हटलं, "बाजी, माज्यापायी तुमचं..."

"ते टोक धर," त्या म्हणाल्या. मी चादरीचं टोक धरलं. दोघींनी ती ताणून घातली. मग म्हणाल्या, "रडून झालं असंल तर सांग, कुठवर आलतो आपण?"

आता मी तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. गणिताची भीती वाटते. सगळ्याचीच वाटते, भीती काही गेलेली नाही. पण माझी चूक असेल तर मी माझ्या हातानं लिहीन, आणि दुसऱ्याची असेल तर तिच्यावर माझी सही मिळणार नाही. ती साडी मी ऑफिसच्या पत्त्यावर परत पाठवली. आणि माझा स्वतःचा डेअरीचा प्रोग्राम लिहायला घेतला आहे.

बाजी, तुमचं काम माझ्या बोलण्यानं गेलं. मी बोलले त्याचा मला पस्तावा नाही, आणि हे तुम्हालाही चालेल हे मला माहीत आहे. ते काम मी तुम्हाला परत आणून देणार. कुणाच्या दारात हात जोडून नाही. माझा प्रोग्राम उभा राहील, डेअऱ्यांवर चालेल, आणि त्याचे रिपोर्ट तुम्ही कराल, तुमच्या घरी, तुमच्या वेळेनं, वर तुमचं नाव छापून. वेळ लागेल. मी हळू वाचते. पण एक ओळ सोडत नाही.